आठ तारा, तिरक्या पट्ट्या

भावजींच्या दातांचा साचा माझ्याकडे आहे, म्हणून खात्रीने सांगते: हा माणूस झोपेतसुद्धा कुणाशीतरी भांडत असतो.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर तोंडाचे ठसे पाठवतात, आम्ही त्यांवरून प्लास्टरचे साचे ओततो आणि त्या साच्यांवर कवळ्या आणि कॅपा बसवतो. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान झोपेत इतके दात खातात की त्यांच्या दाढा घासून पायरीच्या दगडासारख्या सपाट झाल्यात. झोपताना दातांवर घालायचं कवच त्यांना मीच करून दिलं. ते घालत नाहीत. म्हणतात, टोचतं. ते टोचावं अशी माझी इच्छा नव्हती, पण ऐकून वाईटही वाटलं नाही.

भावजींची ड्रायव्हिंग शाळा आहे. स्वतः बाजूच्या सीटवर बसायचं, पायाखाली आपला वेगळा ब्रेक ठेवायचा आणि गाडी दुसऱ्याला चालवायला लावायची, हा त्यांचा धंदा आणि हाच त्यांचा स्वभाव. दर शनिवारी दुपारी शाळेच्या वर्गातल्या खुर्च्या भिंतीला लावून, वाहतुकीच्या खुणांच्या तक्त्यांखाली आमचा बँड वाजतो. बँड म्हणजे भावजी, मी आणि ड्रमर. ड्रमर त्यांचा जुना विद्यार्थी. लायसन्सच्या परीक्षेत तो दर वेळी नापास होतो, पण ठेका त्याने आजवर चुकवलेला नाही. आम्ही वाजवतो ते कानठळ्या बसवणारं संगीत. गाणी जवळजवळ सगळी माझी आहेत. खोली भावजींची आहे, म्हणून बँडही त्यांचाच, असा त्यांचा हिशोब.

त्या शनिवारी भावजी म्हणाले, "आपल्याला बोलावलंय. मोठं मैदान, दिवसभराचा कार्यक्रम. चांगली तीन गाणी वाजवायला मिळणार."

मला इतका आनंद झाला की मी त्यांना पाणी आणून दिलं. हे मी कधी करत नाही.

"पण," ते पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "तुझी तार लोंबते."

लोंबत होती, हे खरं. महिन्याभरापूर्वी भावजींनी आठ तारांची नवी गिटार आणली आणि गाणी एकदम खालच्या सुरात उतरवली. माझी जुनी सहा तारांची. तिची जाड तार त्या सुराला उतरवली की कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी झोल खायची आणि आवाजाऐवजी नुसती फडफड ऐकू यायची.

"पुढच्या शनिवारपर्यंत माझ्यासारखी आण. आठ तारा, तिरक्या पट्ट्या. नाही जमलं तर आपल्या शाळेतला दुसरा मास्तर आहेच. त्याच्याकडे आहे तसली."

तिरक्या पट्ट्यांचं प्रकरण असं आहे. साध्या गिटारीत सगळ्या तारा एकाच लांबीच्या असतात. या गिटारीत जाड तारा लांब आणि बारीक तारा आखूड. त्यामुळे बोटं ठेवायच्या धातूच्या पट्ट्या सरळ आडव्या न राहता पंख्याच्या काड्यांसारख्या तिरक्या पसरतात. जाड तार लांब मिळाली की ती कितीही खाली उतरवा, ताठ राहते.

"भावजी, मी डावरी आहे."

"माहितीय की." ते हसले. सगळ्या सपाट दाढा दिसल्या. "डावऱ्यांसाठी वेगळी बनवून घ्यावी लागते, ऑर्डर देऊन. ती कधी येणार देव जाणे, आणि किंमत ऐकून तुला घाम फुटेल. दुकानात स्वस्तातली मिळते ती उजव्यांची. साधी गिटार उलटी करून चालते, ही नाही चालत. जगजाहीर आहे ते."

तेही खरं होतं. डावरा माणूस उजव्यांची गिटार घेतो, उलटी धरतो आणि तारा काढून त्यांचा क्रम फिरवून लावतो, म्हणजे जाड तार पुन्हा वर येते. तिरक्या पट्ट्यांच्या गिटारीत असं केलं तर जाड तारा आखूड बाजूला जाऊन बसतात आणि सगळ्याचाच विचका होतो. एवढं मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे भावजींना ठाऊक होतं. अट घालायची, ती पुरी होणार नाही याची आधीच खात्री करून घ्यायची आणि वर पाण्याचा ग्लास माझ्याच हातात परत द्यायचा, असा सगळा बेत होता.

त्यांचा माझ्यावर दात होता. महिन्याभरापूर्वी ड्रमरच्या देखत मी म्हणाले होते, "भावजी, तुम्ही ठेक्याच्या पुढे पळता. एरवी तर ब्रेक तुमच्याच पायाखाली असतो." ड्रमर हसला होता. ते हसणं त्यांनी गाठीला बांधून ठेवलं होतं.

मी गिटार पिशवीत कोंबली आणि निघाले. बाहेरच्या ऑफिसात ताई फोनवर कुणालातरी दरडावत होती, की गाडी शिकायची तर वेळेवर या, गाडी तुमची वाट बघत बसत नाही. शाळेचे फोन ती घेते, कुठल्या मास्तरला कुठला विद्यार्थी आणि कुठली गाडी द्यायची ते ती ठरवते. तिने माझ्याकडे बघून भुवई उडवली. मी नाही उडवली.

ताईचं आणि माझं धड बोलणं होऊन बरीच वर्षं झाली. भांडणही होत नाही, ते झालं तर निदान बोलल्यासारखं होईल. याला कारण हीच सहा तारांची गिटार. बाबांनी ती ताईला आणली होती. ताई उजवी. ती शिकायची तेव्हा मी दारात उभी राहून बघायचे आणि ती बाहेर गेली की गिटार उचलायचे. मी डावरी, म्हणून उलटी धरायचे. तारांचा क्रम फिरवायची मात्र सोय नव्हती. ताईने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तारांना हात लावलास तर हात मोडीन, डावरे." तारा बदलल्या असत्या तर तिला कळलं असतं. म्हणून मी तशीच शिकले. सगळ्या जगाची जाड तार वर असते, माझी खाली. सगळे वरून खाली झोडतात, मी खालून वर. शिकवणारे माझ्याकडे बघून मान फिरवायचे. पुढे कॉलेजच्या गॅदरिंगला ताईने वाजवली आणि तिच्यानंतर मी. टाळ्या मला जास्त पडल्या. घरी आल्यावर तिने गिटार माझ्या अंथरुणावर टाकली आणि म्हणाली, "ठेव तुझ्याकडे." त्यानंतर तिने गिटारीला हात लावला नाही. भावजींना गिटारीचे पहिले धडे तिनेच दिले होते, हे आता तेही सांगत नाहीत आणि तीही सांगत नाही.

सोमवारी लॅब सुटल्यावर मी दुकानात गेले. वाद्यांचं दुकान अरुंद आणि लांबट, दोन्ही भिंतींना गिटारी टांगलेल्या. दुकानदाराच्या खांद्यावर पिवळं फडकं. गिऱ्हाइकाने जिथे जिथे बोट लावलं तिथे तिथे तो मागून पुसत यायचा. त्याची वरची कवळी सैल होती. प्रत्येक "स"ला ती टकटक वाजायची. माझं निम्मं लक्ष त्या कवळीकडेच.

मागच्या कोपऱ्यात ती उभी होती. आठ तारा, तिरक्या पट्ट्या, मातकट काळा रंग. लाकूड हलकं, रंगकामही बेताचंच, पण मान सरळ आणि पट्ट्यांच्या कडा नीट घासलेल्या. कुणीतरी मागवून ठेवली होती आणि तो परत फिरकलाच नव्हता. किंमत मला जेमतेम झेपेल अशी.

मी डाव्या हाताने उचलली तसा तो धावत आला.

"डावऱ्या का तुम्ही?"

"हो."

"मग ठेवा ती खाली."

"का?"

"ही उलटी होत नाही. मागे एकाने नेली. चार दिवसांनी परत घेऊन आला, तारा बसवायच्या खाचा कोरून कोरून नासवलेल्या. वर मलाच शिव्या. डावऱ्यांना मी ही विकत नाही."

"मी विचार करून बघते की."

"विचार घरी करा." त्याने माझ्या हातातून गिटार घेतली आणि मी धरली होती ती जागा पुसायला लागला.

ती जागा त्याने दोनदा पुसली. तिथे माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "काका, तुमची कवळी सैल झालीय. तुम्ही बोलता ते कमी आणि तीच जास्त ऐकू येते. आधी ती बसवून घ्या, मग गिऱ्हाइकांना अक्कल शिकवा."

दुकानात एक आई आपल्या मुलीसाठी बासरी बघत होती. ती खाली बघून हसली. दुकानदाराने तोंड गच्च मिटलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी बाहेर पडले, आणि दोन दुकानं पुढे गेल्यावर लक्षात आलं की त्या गावात तसली गिटार असलेलं ते एकच दुकान होतं.

दोन दिवस मी लॅबमध्ये आदळआपट केली. साहेब म्हणाले, "बाई, प्लास्टर आहे ते, शत्रू नाही." मी त्यांनाही उत्तर दिलं. नोकरी टिकली, कारण माझ्याइतक्या चांगल्या दाढा तिथे कुणाला घडवता येत नाहीत. बँड मात्र टिकणार नव्हता. माझी तीन गाणी मोठ्या मैदानावर वाजणार होती, ती दुसराच कुणीतरी मास्तर वाजवणार होता आणि मी बहुधा गर्दीत उभी राहून टाळ्या वाजवणार होते. या विचाराने मला जेवण जाईना.

गुरुवारी एका म्हातारबाबांच्या खालच्या जबड्याचा साचा माझ्या हातात होता. चिकटलेलं प्लास्टर खरवडायला मी तो उलटा धरला. दात जमिनीकडे, बूड वर. आणि तशीच बघत बसले. जबडा उलटा झाला होता, पण दाढा मागेच होत्या आणि पुढचे दात पुढेच. मी तो पुन्हा सुलटा केला, पुन्हा उलटा केला. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "काय, मेलेल्याचा आहे का?"

उलटं केल्याने दाढा पुढे येत नाहीत. दाढा पुढे आणायच्या तर उपटून पुढे लावाव्या लागतात.

डावरे लोक तेच करतात. गिटार उलटी धरतात आणि मग तारा उपटून क्रम फिरवतात, म्हणून लांब बाजूला बारीक तारा येतात. मी तारा कधी फिरवल्याच नव्हत्या. माझी जाड तार खाली असते, लोक हसतात, पण ती आपल्या जागेवर असते. तिरक्या पट्ट्यांची गिटार मी उलटी धरली तरी लांब बाजूला जाड तारच राहणार होती. भावजी हे विसरले होते. दुकानदाराला ते माहीत असायचं कारण नव्हतं. आणि मी, जन्मभर उलटी वाजवलेली बाई, सगळे म्हणतात म्हणून आपल्याही गळ्यात तेच बांधून घेऊन दोन दिवस उपाशी राहिले होते. मला स्वतःचा इतका राग आला की तो जबडा मी ठेवला नाही, आपटला. सुदैवाने फुटला नाही.

संध्याकाळी जुनी गिटार पाठीवर घेऊन दुकानात गेले. दोन्हींचा आवाज शेजारी शेजारी ऐकायचा होता, म्हणून ती घेतली होती. दुकानदाराने मला लगेच ओळखलं. तोंड उघडलं की कवळी वाजेल, या धास्तीने तो ओठ न हलवता बोलायला लागला होता.

"विकत नाही म्हटलं ना."

"वाजवून दाखवते. जमलं नाही तर निघून जाईन."

त्याने खांद्यावरचं फडकं हातात घेतलं आणि मानेने खूण केली. मी स्टुलावर बसले, गिटार उलटी मांडीवर घेतली, तारा होत्या तशाच ठेवून सगळ्यात खालची, सगळ्यात जाड तार छेडली. टांगलेल्या सगळ्या गिटारी भिंतीवर हलक्या थरथरल्या. तार लोंबली नाही, फडफडली नाही. दाढेने सुपारी फोडावी तसा एक घट्ट, गोळा झालेला आवाज आला. मग मी माझं गाणं वाजवलं.

सगळं गोडगोड होतं असं नाही. पट्ट्यांचा उतार उजव्या माणसाच्या मनगटाच्या सोयीने काढलेला, माझ्या मनगटाला तो उलटा येत होता. वरच्या टोकाच्या पट्ट्यांवर हात इतका मुरडावा लागत होता की कळ कोपरापर्यंत जायची. आवाजाचं बटण माझ्या दंडाखाली येऊन आपोआप फिरत होतं. पण गाणं वाजलं.

दुकानदार सुरुवातीला माझ्याकडे बघत होता, मग त्याला ते बघवेना आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं. भिंतीकडे तोंड करून मात्र त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

"मनगट जाईल तुमचं," तो म्हणाला.

"जाऊ दे. द्याल ना?"

त्याचं लक्ष माझ्या पिशवीकडे गेलं. "त्यात काय आहे?"

मी जुनी बाहेर काढली. त्याने ती घेतली, खिडकीशी नेली, लाकडाच्या रेषा बघितल्या, टिचक्या मारल्या. मग फडक्याने ती हळूहळू, कडेकडेने पुसली. माझ्या मागे मागे फिरून पुसायचा तसं नाही. वेगळंच पुसणं होतं ते.

"नवीची किंमत आहे ती आहेच. वर ही ठेवून जा," तो म्हणाला.

"वर? बदल्यात कमी करा की मग."

"परवा दुकानात माझी अब्रू काढलीत, तेव्हा कमी केली होती का काही?" सगळे शब्द कवळीसकट स्पष्ट ऐकू आले. "नको असेल तर दार तिकडे आहे."

माझी जीभ मला नेहमी महाग पडते, पण इतकी रोख कधी पडली नव्हती. मी त्याला थोडं खाली आणायचा प्रयत्न केला. तो हलला नाही. परवा शनिवार होता. मी जुनी गिटार त्याच्या टेबलावर ठेवली, पैसे मोजून दिले आणि नवी घेऊन निघाले. ताईची आठवण मला झाली नाही असं नाही. झाली, आणि मी ती झटकली. तिने "ठेव" म्हटलं होतं, मी ठेवली होती, आता विकली, असा मी मनाशी निकाल लावला.

शनिवारी वर्गात शिरले तेव्हा भावजी खुर्च्या सरकवत होते. पाठीवरची नवी पिशवी बघून ते थबकले.

"आणलीस? अगं, पण सांगितलं होतं ना तुला, उलटी होत नाही म्हणून. पैसे पाण्यात घातलेस."

"लावा तुमचा ठेका," मी ड्रमरला म्हणाले. आवाजाचं बटण फिरू नये म्हणून त्यावर लॅबमधलं गुलाबी मेण थापलं होतं. वायर जोडली आणि सुरू केलं.

पहिल्या ओळीला ड्रमर हसायला लागला, खुशीत. दुसऱ्या ओळीला खिडक्यांच्या काचा आमच्यासोबत वाजायला लागल्या. मनगट ठणकत होतं, मी ते ठणकू दिलं. भावजी आपली गिटार गळ्यात घालून नुसते उभे होते. त्यांचा जबडा आवळलेला, कानाजवळचा स्नायू उडत होता. तो स्नायू कशाचा, मला ठाऊक आहे. तो दात खायचा स्नायू.

गाणं संपलं. ड्रमर म्हणाला, "बाप रे."

"जमलंय," भावजी म्हणाले. मग गिटारीचा पट्टा उगाच लांब-आखूड करत बसले. "पण मी त्याला हो म्हणून बसलोय. मास्तरला. पुढच्या शनिवारपासून तो येतोय. कार्यक्रमात तोच वाजवेल."

"अट घातली होतीत तुम्ही."

"अट होती, पण शब्दही दिलाय ना. आणि खरं सांगू? तुझं ते उलटं वाजवणं स्टेजवर दिसायला बरं दिसत नाही. गाणी तुझी आहेत हे आम्ही सांगू की माइकवर."

"माझी गाणी माझ्याशिवाय?"

"खोली माझी आहे."

"खोली चाटा मग," मी म्हणाले. "तालात तर आयुष्यात कधी आला नाहीत, निदान शब्दाला तरी जागला असतात. भित्रे आहात तुम्ही. सरळ नको म्हणायची हिंमत नाही, म्हणून मला पैसे खर्चायला लावलेत. झोपेत दात खाता ते यामुळेच."

आवाज बाहेर गेला असणार, कारण ताई दारात येऊन उभी राहिली. हातात गाडीच्या किल्ल्या. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग गिटारीकडे, मग भिंतीशी पडलेल्या पिशवीकडे.

"ही कुठली?"

"घेतली."

"आणि जुनी?"

मी बटणावरचं मेण दाबत बसले.

"डावरे, जुनी कुठेय?"

"दुकानात दिली. त्याने ती घेतल्याशिवाय ही दिली नसती."

ताईच्या हातातल्या किल्ल्या वाजायच्या थांबल्या.

"माझी गिटार विकलीस?"

"तू म्हणाली होतीस, ठेव तुझ्याकडे."

"ठेव म्हटलं होतं. विक म्हटलं नव्हतं."

"इतक्या वर्षांत हात तरी लावलास का तिला?"

"लावला नाही म्हणजे माझी नाही? बाबांनी आणली होती ती."

"बघ," भावजींना जोर आला. "मी तुला म्हणत नव्हतो? हिला कुणाच्या वस्तूची..."

"तू मध्ये बोलू नकोस," ताई म्हणाली. नजर माझ्यावरच. "आण इकडे."

"काय?"

"ती. आण."

मी दिली. का दिली, मला कळत नाही. लहानपणी ती खोलीत आली की मी गिटार अशीच मुकाट्याने खाली ठेवायचे. ताई विद्यार्थ्यांच्या एका खुर्चीवर बसली, गिटार सुलटी केली, मांडीवर घेतली. तारांवरून अंगठा फिरवला. तारा तिच्यासाठी होत्या तशाच होत्या, एकही बदलायची गरज नव्हती. मग तिने माझं गाणं सुरू केलं.

बोटं जड झाली होती. चौथ्याच सुरावर ती अडखळली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडखळली आणि तशीच पुढे गेली. भिंतीपलीकडे फोन घेत बसून तिने ते गाणं पाठ केलं होतं, मधली थांबायची जागासुद्धा. आणि तिचं मनगट पट्ट्यांच्या उताराला असं जाऊन बसलं होतं की हात मुरडायची गरजच पडत नव्हती. माझ्या मनगटाची अजून आग होत होती. ती गिटार तिच्या हाताची होती. मी घेतलेली, माझ्या पैशांची, आणि तिच्या हाताची. मला रडू आलं आणि ते आलं म्हणून आणखी राग आला.

ताई थांबली. उठून तिने गिटार ऑफिसात नेली, भिंतीवरच्या गाड्यांच्या किल्ल्यांच्या मोठ्या खुंटीला पट्ट्याने अडकवली आणि परत आली.

"ती माझी," ती म्हणाली. "माझीच देऊन आणलीय ना? मग माझीच. इथून हलणार नाही. हिला वाजवायची असेल तर हिने इथे यायचं. दर शनिवारी."

"अगं, पण शनिवारी मास्तर येणारेय," भावजी म्हणाले.

"कुठून येणार? शनिवारी दुपारी त्याला मी विद्यार्थी लावलेत. ओळीने. कार्यक्रम होईपर्यंत त्याची एकही शनिवार दुपार मोकळी नाही."

"कधी लावलेस?"

"आत्ता. फोन करून सांगते त्याला."

"आणि मी त्याला दिलेला शब्द?"

"तो तुझा तू बघ. विद्यार्थी मी बघते."

 भावजींचा पाय जमिनीवर थोडा पुढे सरकला, सवयीने ब्रेक शोधत असावा. ड्रमरने काठ्या मांडीवर ठेवून तक्त्यावरच्या खुणा मन लावून वाचायला सुरुवात केली. परीक्षेआधी त्याने इतकं मन लावून वाचल्या असत्या तर पास झाला असता.

"माझे पैसे गेलेत त्यात," मी ताईला म्हणाले.

"माझी गिटार गेलीय त्यात."

"तू वाजवणार आहेस का ती?"

"तुला काय करायचंय? येशील तेव्हा मिळेल."

आभार मानायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि असती तरी मी मानले नसते. मी रिकामी पिशवी उचलली. ऑफिसातून जाताना खुंटीकडे बघितलं. किल्ल्यांच्या गर्दीत ती काळी गिटार तिरकी लटकत होती, बटणावर माझं गुलाबी मेण.

"तारा बदलायच्या नाहीत," मी दारातून म्हणाले. "हात लावलास तर हात मोडीन."

 फोन उचलून ताई मास्तरला सांगत होती, शनिवारची वेळ लिहून घ्या म्हणून.

मी रस्त्यावर आले, मनगट चोळत कोपऱ्यापर्यंत गेले. तिथे मला मागून आवाज आला. वायर न लावलेल्या तारांचा, बारीक. माझंच गाणं. ऑफिसची खिडकी उघडी होती. चौथ्या सुरावर ती पुन्हा अडखळली. पुन्हा वाजवलं, पुन्हा चुकली. मला ते सहन होईना. मी परत फिरले आणि खिडकीशी जाऊन ओरडले, "खालची तार. सगळ्यात खालची, जाड."

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"माझी ती वरती आहे, डावरे," ताई म्हणाली, आणि या वेळी तो सूर तिने बरोबर वाजवला.